स्पिरिटचा वास

आमच्या जिन्याच्या वळणावर भिंतीलगत एक पिवळट डाग आहे. फिनाइलने तो जात नाही, सोड्याने जात नाही. पाहुण्यांना मी तो चहाचा म्हणून सांगत आले. तो चहाचा नाही. कशाचा आहे हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक आहे, आणि कोणाचा आहे हेही.

त्या डागाचा धनी माझ्या समोरच्या दारात राहतो. पण ही हकीकत त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोची जास्त आहे. त्याने फक्त घाण केली. ती निस्तरली तिने.

ती बाळंतपणाच्या इस्पितळात आया आहे. तिथले लहानथोर सगळे तिला मावशी म्हणतात, आणि ते नाव तिच्यामागोमाग जिना चढून आमच्या मजल्यापर्यंत आले. वयाने ती माझ्याहून पुष्कळ लहान, तरी मीही तिला मावशीच म्हणते. ती मला काकू म्हणते. एकमेकींना असे मोठे करून ठेवण्यात आता आम्हा दोघींनाही काही वावगे वाटत नाही.

मावशीला किळस फार. हे सांगितले की लोक हसतात. जी बाई दिवसभर रक्ताने भरलेल्या चादरी गोळा करते, बेडपॅन रिकामी करते, उलट्या पुसते, तिला कसली आली आहे किळस? पण तिचे घर मी आतून पाहिले आहे. ओटा पुसायचे फडके वेगळे, टेबलाचे वेगळे, आणि एकाने दुसऱ्याचे काम केले की ते सरळ कचऱ्यात जाते. दुसऱ्याच्या उष्ट्या कपाच्या कडेला ती बोट लावत नाही, कानाला दोन बोटांत धरून उचलते. मी एकदा विचारले तेव्हा तिने सांगितले की इस्पितळातली घाण आजाराची असते, कोणी ती हौसेने करत नाही, म्हणून तिला हात लावताना काही वाटत नाही. जी घाण माणूस बाटलीतून विकत आणतो आणि मग दुसऱ्याच्या अंगावर टाकतो, तिची शिसारी येते.

तिचा नवरा लाकडाला पॉलिश करतो. हाताने करायचे, जुन्या पद्धतीचे पॉलिश. माझ्या कपाटावर ते काम होताना मी पाहिले आहे. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे, कापसाचा बोळा मऊ सुती कापडात बांधायचा, त्यावर ते पाणी थोडे थोडे घ्यायचे आणि लाकडावर गोल गोल हात फिरवत राहायचे. हात मध्येच थांबला की तिथे डाग पडतो. त्याचा हात थांबत नसे. त्या कपाटाच्या दारात अजून माझे तोंड दिसते. कारागीर पहिल्या प्रतीचा, हे कबूल करायलाच हवे, आणि राग जास्त येतो तो त्यामुळेच.

या कामात हात मनगटापर्यंत तांबडे-तपकिरी होतात. नखे तर अशी काळपट दिसतात की जणू हा कोणाचा तरी गळा चिरून आला आहे. साबणाने तो रंग निघत नाही. लाख विरघळते ती स्पिरिटमध्ये, म्हणून हात धुवायचे तेही स्पिरिटनेच. पॉलिशवाला कामावरून घरी येतो तेव्हा जिन्यात आधी वास चढतो, मग माणूस.

लग्न ठरले तेव्हा मावशीच्या आईला म्हणे या वासाचीच काळजी होती. मावशी नुकतीच इस्पितळात लागली होती. तिने आईला सांगितले की वॉर्डात हाच वास असतो, सुई टोचायच्या आधी हातावर फिरवतात त्याचा, तो स्वच्छतेचा वास आहे. आणि सुरुवातीला तिला तो आवडतही असे. हे तिने मला सांगितले तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता, जणू आपण कधी काळी माती खात होतो हे कोणी कबूल करावे.

कारण त्या वासाच्या आड त्याने पिणे सुरू केले. संध्याकाळी तिने नाक वर केले की तो हात पुढे करी आणि म्हणे, हाताला लागलंय. ती विश्वास ठेवी. जी बाई फडक्याच्या वासावरून ते कुठे फिरले आहे ते ओळखते, ती या एका वाक्यापुढे गप्प बसली, आणि मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत गप्प बसली. मग एका सुट्टीच्या दिवशी, दुकान बंद, काम बंद, हात दोन दिवस लाखेजवळ गेलेले नाहीत, आणि वास तोच. त्या दिवशी तिने हाताकडे पाहिले नाही, तोंडाकडे पाहिले. त्यानंतर तिने त्याच्या तोंडाजवळ तोंड नेले नाही. ती स्वयंपाकघरात झोपू लागली.

पुढे त्याने खोटे बोलायचे कष्ट घेणेही सोडले. त्यातले सगळे मी इथे लिहिणार नाही. एकच सांगते. एकदा त्याने स्वतःच्या हाताने पॉलिश केलेल्या कपाटाचे दार उघडले, आणि ते न्हाणीघर समजून आत मुलीच्या शाळेच्या कपड्यांवर मोकळा झाला. मावशीने ते कपडे दोनदा उकळले. कपाट मात्र तिने पुन्हा वापरले नाही. ते तसेच चकचकीत उभे आहे, रिकामे.

आणि आमच्या इमारतीतल्या पुरुषांना तो आवडायचा. याची मला त्याच्याहून जास्त किळस येई. खालच्या मजल्यावरचा निवृत्त कारकून तर त्याच्या नकला करून दाखवी, तो जिना कसा चढतो, कठड्याला "नमस्कार साहेब" कसे म्हणतो. माणूस दिलदार आहे हो, असे तो म्हणे. त्याच्या दारात कधी काही सांडले नव्हते. दिलदारपणा वरच्या मजल्यापर्यंत पोचेपर्यंत पोटात मावत नसे, तो आमच्या वाट्याला येई.

मुलगी लग्न होऊन गेली. तिला मुलगी झाली. नात रांगायला लागली तेव्हा ती तिला घेऊन आईकडे राहायला आली. सकाळची वेळ होती. मावशी ड्यूटीवर जाण्याची तयारी करत होती, दार उघडे होते, आणि मी माझ्या दारात दूध घेत उभी होते. नात रांगत रांगत आजोबाच्या खोलीत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिचा उजवा हात ओला होता. ती तो हात तोंडाकडे नेत होती. मुलीने झेप घालून तो हात धरला. मग आम्हा तिघींनाही वास आला.

 मुलीने पोरीचा हात साबणाने धुतला, पुन्हा धुतला, पिशवी भरली आणि ती गेली. मावशी दारात उभी राहून ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत पाहत होती. मग आत जाऊन तिने खोलीतली घाण काढली, आंघोळ केली आणि कामावर गेली. येताना तिने कुलूप आणले. चांगले जाड, पितळी, पाकिटात दोन किल्ल्या. घर तिच्या नावावर आहे.

तिने ते माझ्या टेबलावर ठेवले आणि सांगितले की त्याला एक संधी द्यायची आहे. तिच्या इस्पितळातल्या एका बाईचा भाऊ दारू सोडणाऱ्यांच्या सभेला जातो म्हणे, तिथे पिणारेच एकमेकांना सावरतात, औषध नाही, पैसे नाहीत. ती सभा कुठे भरते ते मात्र त्या बाईला माहीत नाही, कारण भाऊ सांगत नाही. मावशी म्हणाली, "काकू, तुम्ही फोन करा. माझं बोलणं ऐकून लोक आधी मला वरपासून खालपर्यंत बघतात, फोनवरसुद्धा." आणखी एक बदल माझ्या लक्षात आला. इतकी वर्षे ती नवऱ्याला "आमचे हे" म्हणत असे. त्या दिवशी ती "तो" म्हणाली.

मी आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरला विचारले. त्याने मिशीत हसून मलाच विचारले, "तुम्हाला सोडायची आहे का?" हा विनोद तो दिवसातून किती बायकांना ऐकवत असेल कोण जाणे. मग बसथांब्याच्या भिंतीवर एक जुने पत्रक सापडले. त्यावर पान खाऊन कोणीतरी थुंकले होते, पण नंबर वाचता येत होता. रुमालाने नाक धरून मी तो उतरवून घेतला.

फोन लागला तो एका बेकरीत. मी सभेचे नाव काढताच पलीकडचा माणूस थकलेल्या आवाजात म्हणाला, "बाई, इथे ब्रेड मिळतो." तो नंबर आता त्याला मिळाला होता, आणि रोज कोणी ना कोणी फोन करून त्याच्यापाशी रडत असे. एकाने तर त्याला सगळा जन्म सांगितला, लहानपणापासून, आणि इकडे टोस्ट जळले. शेवटी बेकरीवाल्याने वैतागून स्वतःच शोध घेतला आणि खरा पत्ता आणि नंबर भिंतीवर लिहून ठेवला. शाळेच्या मागची खोली, दर मंगळवारी, संध्याकाळी. "लिहून घ्या," तो म्हणाला, "आणि आलेच बरे होऊन, तर त्यांना सांगा, ब्रेड आमच्याकडून घ्या." सगळ्या शोधात माझ्याशी माणसासारखा बोललेला तो एकटाच.

त्याने दिलेल्या नंबरवर सभा चालवणाऱ्याशी बोलणे झाले. तो पूर्वी बसचा कंडक्टर होता आणि फोनवरही मागे उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होता. त्याने नियम सांगितले. येणाऱ्याने त्या दिवशी घेतलेली नसावी. घेतली असेल तर हाकलत नाहीत, पण मागे बसायचे, तोंड उघडायचे नाही, आणि ती हजेरी धरत नाहीत. बायकोने बाहेर थांबायचे.

हजेरीचा तो नियम मावशीने मनात पक्का धरला. तिने नवऱ्याला सकाळी, तो शुद्धीवर असताना, समोर उभे केले आणि कुलूप दाखवले. मंगळवारी त्या खोलीत धरली जाणारी हजेरी लागली तर तो घरात, नाहीतर बुधवारपासून बाहेर. मी साक्षीला होते. त्याने आपल्या नखांकडे पाहिले. मग म्हणाला की जाईन, पण असे हात घेऊन चार माणसांत कसे बसायचे. मला त्या क्षणी त्याचा संताप आला. ज्याला जिन्यात ओकताना लाज वाटली नाही, त्याला नखांची लाज. मावशी म्हणाली, "हात कोण बघतंय तुझे?" आणि निघून गेली.

मंगळवारी तो एका वकिलाच्या टेबलाचे काम संपवून परस्पर येणार होता आणि मावशी ड्यूटीवरून. जागा दोघांनीही पाहिलेली नव्हती, म्हणून मी आधी जाऊन फाटकाशी थांबायचे ठरले.

ती जागा पाहून मी परत फिरणार होते. शाळेच्या मागे एक लांब व्हरांडा, त्याच्या टोकाला मुताऱ्या, आणि त्यांचे पाणी व्हरांड्यातूनच वाहत जाऊन जाळीपाशी तुंबलेले. खोलीत मोडकी बाके एकावर एक रचलेली. पुढे खुर्च्यांचे कोंडाळे. खिडकीतल्या कुंडीत झाडाऐवजी सिगारेटची थोटके उभी खोचलेली. एका ताटलीत कालचे कप, तळाला साखर चिकटून मुंग्या लागलेल्या. आत सहा-सात पुरुष बसले होते, सगळे स्वच्छ दाढी केलेले, आणि मला वाटत होते की यांच्या प्रत्येकाच्या घरी एक-एक डाग असणार. कंडक्टर दारात उभा होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो म्हणे, "आत सरका, पुढे जागा आहे." खोली अर्धी रिकामी होती.

फाटक दिसेल अशा बेताने मी व्हरांड्यातल्या बाकावर रुमाल पसरून बसले. थोड्या वेळाने तो फाटकातून आला. मला पाहून त्याने मान हलवली, पण इकडे आला नाही. फाटकाच्या खांबाआड गेला, माझ्याकडे पाठ केली, खिशातून काहीतरी काढले आणि मान खाली घालून बराच वेळ उभा राहिला. खांदे हलत होते. मग ते काहीतरी खिशात कोंबून तो व्हरांड्यात आला आणि त्याच्याआधी तो वास आला. ओळखीचा, नाकात जाऊन बसणारा.  मला वाटले, याने दारात उभे राहून शेवटचा घोट घेतला. मी तोंड फिरवले.

कंडक्टरने त्याला दारातच अडवले. चढ्या आवाजात नाही, बस भरली आहे हे सांगावे तसे. आज मागे बसा, बोलू नका, पुढच्या मंगळवारी कोरडे या.

"मी घेतलेली नाही," तो म्हणाला.

आतून कोणीतरी हसले. वाईट हसणे नव्हते ते, पण हसणेच. आपापल्या घरी हेच म्हणून आलेली ती माणसे.

"हाताला लागलंय."

त्या वाक्यावर मावशी फाटकातून आत आली. ड्यूटीच्या कपड्यांतच होती. तिने ते ऐकले, हे मला तिच्या चालीवरून कळले. ती चालता चालता थांबली, आणि तुंबलेल्या पाण्यात पाय आहे हेही तिला समजले नाही.

आत बसलेला एकजण, पूर्वी कुठल्या दवाखान्यात कंपाउंडर होता म्हणे, खुर्चीतूनच बोलला, "अरे, हे वाक्य तर माझं. माझ्या बायकोला अजून पाठ आहे." पुन्हा हशा झाला. पॉलिशवाल्याने खिशातून एक ओले फडके काढून दाखवले आणि सांगू लागला की सकाळपासून लाखेत हात होते, मग बादलीभर साबण घासला, निघेना, म्हणून स्पिरिटने घासले, इथे आल्यावर पाहिले तर नखांच्या कडा तशाच, म्हणून फाटकाशी पुन्हा पुसले. कंडक्टर मान हलवत ऐकत होता. पीत होता तेव्हा असे फडके तोही खिशात ठेवायचा, म्हणाला. वास मारायला वेलचीही ठेवायचा.

तेव्हा तो बायकोकडे वळला.  त्याने हात पुढे केले, पूर्वी करायचा तसेच, उलटे. मी त्या हातांना कधी त्यांच्या मूळ रंगात पाहिले नव्हते. पांढुरके, सुरकुतलेले, पाण्यात फार वेळ राहिलेल्या प्रेतासारखे. नखांच्या मुळाशी घासून घासून कातडे निघाले होते आणि तिथे रक्त साकळले होते.

हातांकडे पाहून यापूर्वी ती फसली होती, वर्षानुवर्षे. या वेळी तिने हातांकडे पाहिलेच नाही. ती त्याच्या अगदी समोर गेली. तो तिच्याहून उंच आहे.

"वाका," ती म्हणाली. "तोंड उघडा."

 तो वाकला. दंतवैद्याकडे मूल उघडते तसे त्याने तोंड उघडले, डोळे मिटून. मावशीने त्याची हनुवटी धरली. तिने आधी एक मोठा श्वास बाहेर सोडला आणि मग आपले नाक त्याच्या ओठांपाशी नेऊन हळूहळू आत ओढले. तिचे तोंड वाकडे झाले. गळ्याशी काहीतरी वर आले ते तिने गिळले, मला स्पष्ट दिसले. आणि तिने पुन्हा हुंगले.

मला तिथून उठून जावेसे वाटत होते. सहा-सात परके पुरुष पाहत आहेत, मुताऱ्यांचा वास येतो आहे, आणि एक बाई, जिला दुसऱ्याच्या कपाचीही शिसारी येते, नवऱ्याच्या उघड्या तोंडात नाक घालून उभी आहे.

तिने हनुवटी सोडली आणि कंडक्टरकडे वळून सांगितले, "मागचे दोन दात किडलेत. सकाळपासून पोटात काही गेलेलं नाही. दारू नाही."

कंडक्टर नरमाईने म्हणाला, "ताई, बायका पाठीशी घालतात. आम्ही रोज बघतो."

मावशीने पिशवीत हात घातला आणि कुलूप बाहेर काढले, पाकिटासकट, दोन्ही किल्ल्या आत. "पाठीशी घालायचं असतं तर हे घेऊन फिरले नसते. आज हा प्यायलेला असता तर माझं काम सोपं होतं. तुम्हाला काय वाटतं, मला हुंगायची हौस आहे?"

कोणी हसले नाही. कंडक्टरने कुलपाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, मग पॉलिशवाल्याच्या सोललेल्या बोटांकडे. तो दारातून बाजूला झाला.

"आत सरका," तो म्हणाला. "पुढे जागा आहे."

पॉलिशवाला आत जाऊ लागला तेव्हा मावशीने त्याच्या हातातले ते ओले फडके हिसकावून घेतले आणि व्हरांड्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. "अहो, पुढच्या वेळी तसेच या," ती म्हणाली. "काळ्या नखांनी कोणी मरत नाही."

दार बंद झाले. ती नळापाशी गेली. नळाला पाणी नव्हते. तिने तिथेच थुंकले, पुन्हा थुंकले, आणि कपड्याच्या कडेने ओठ पुसत माझ्याजवळ येऊन बसली. पोटात कसेतरी होतेय, म्हणाली. मी पर्समधून कोलन वॉटरची बाटली काढून रुमालावर थोडे ओतले आणि पुढे केले. तिने एकदाच नाक लावले आणि माझा हात दूर सारला.

"काकू, याचाही तोच वास."

मी रुमाल घडी करून ठेवला. आतून कोणाचा तरी एकसुरी आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. थोड्या वेळाने दुसरा आवाज आला, चाचरत, मध्येच थांबत, आणि तो आवाज आम्ही दोघींनी ओळखला. मावशी ऐकत नव्हती असे दाखवत होती. ती पायातली चप्पल काढून तिची ओली बाजू बाकाच्या पायाला पुसत होती. मी विचारले, कुलपाचे आता काय करायचे. ती म्हणाली, "राहू दे. कुलपाला काय खायला घालावं लागतं?"

याला आता बरेच दिवस झाले. कुलूप तिच्या दाराआड खिळ्याला टांगलेले आहे, पाकिटातच. तो दर मंगळवारी जातो, काळ्या नखांनी. बेकरीवाल्याकडून ब्रेडही आणतो, कारण मी त्या भल्या माणसाचा निरोप पोचवला होता. त्यातला अर्धा माझ्याकडे येतो आणि जिन्यातून तो हातात धरून आणलेला असल्यामुळे मी वरची साल काढून खाते.

आणि रोज संध्याकाळी आमच्या मजल्यावर तो प्रकार चालतो. तो वर येतो, दारापाशी थांबतो, वाकतो, तोंड उघडतो. मावशी हातातले काम टाकून बाहेर येते, श्वास सोडते, नाक पुढे करते. तिचे तोंड रोज तितकेच वाकडे होते. दात त्याने अजून काढून घेतलेले नाहीत. मग ती बाजूला होते आणि तो आत जातो. मध्यंतरी एका संध्याकाळी ती नेहमीपेक्षा जास्त वेळ तशीच उभी राहिली, आणि मग बाजूला न होता तिने दार लावून घेतले. तो मुकाट्याने जिना उतरला. निवृत्त कारकुनाने त्याला हाक मारून विचारले, काय, आज पॉलिश जास्त झाले का, तर तो न थांबता फाटकाबाहेर पडला. त्या दिवशी मंगळवार नव्हता, तरी तो कंडक्टरच्या घरी जाऊन बसला, हे मागाहून कळले. दुसऱ्या संध्याकाळी तो पुन्हा दारात येऊन वाकला. तिने हुंगले आणि आत घेतले.

मुलगी अजून राहायला आलेली नाही. ती नातीला घेऊन येते, तासभर थांबते, पोरीला जमिनीवर सोडत नाही.  तिच्या जागी मी असते तर मीही सोडले नसते.

एकदा मी मावशीला विचारले की हे रोज हुंगणे कुठवर चालायचे. ती बेडपॅनच्या बाबतीत बोलते त्याच आवाजात म्हणाली की सवय होईल असे तिला वाटले होते, होत नाही, रोज ओकारी येते. मग म्हणाली, "पण काकू, दुसरं कोण हुंगणार?"

मला ते पाहवत नाही. त्याची पावले जिन्याच्या वळणावर, त्या डागापाशी आली, की मी उठून माझे दार लावून घेते. वास मात्र दाराखालून आत येतोच.